निसानमध्ये टोयोटाचे इंजिन: अदलाबदलीचे तंत्र आणि ब्रँडनिष्ठेचे भांडण

अमेरिकेतील ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’ या, मागची चाके घसरवत वळणे घेण्याच्या, स्पर्धेचे विजेतेपद २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे जेम्स डीन या आयरिश चालकाने मिळवले. त्याची गाडी निसान सिल्व्हिया एस१५ होती. परंतु तिच्या बोनेटखाली टोयोटाचे २जेझेड हे सहा सिलिंडरचे इंजिन होते. गाड्यांशी फारसा संबंध नसलेल्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. जपानी गाड्यांच्या शौकिनांमध्ये मात्र निसानवाले, टोयोटावाले, होंडावाले, माझदावाले अशी घराणी आहेत आणि त्यांच्यातील हेवेदावे संगीतातल्या घराण्यांपेक्षा कमी कडवे नाहीत. त्यामुळे या तीन विजेतेपदांचे श्रेय निसानला द्यायचे की टोयोटाला, यावर भरपूर भांडण झाले, आणि दोन्ही बाजूंना आपलेच खरे वाटले.

या भांडणात जे बोलले जाते आणि गॅरेजमध्ये प्रत्यक्ष जे केले जाते, त्यांत मोठे अंतर असते. बोलणे निष्ठेचे असते. कोणते इंजिन कोणत्या गाडीत जाणार हे मात्र बोनेटखालची जागा, जुन्या मालाच्या बाजारातील भाव, वायरिंग आणि सरकारी नियम यांवर ठरते. माझ्या मते ही अदलाबदल नीट समजली की ब्रँडचे वैर कशातून आले आणि ते कोठे पोकळ आहे, हे दोन्ही कळते. म्हणून आधी तंत्र पाहू.

एका गाडीचे इंजिन काढून दुसऱ्या गाडीचे बसवणे म्हणजे चार बोल्ट सोडून चार बोल्ट आवळणे नव्हे. इंजिन ज्या रबरी फाउंडेशनवर बसते त्यांच्या जागा प्रत्येक इंजिनात वेगळ्या असतात, त्यामुळे नवे ब्रॅकेट बनवावे किंवा विकत घ्यावे लागतात. इंजिनाच्या तळाशी असलेले ऑइल चेंबर पुढच्या सस्पेन्शनच्या आडव्या लोखंडी बीमवर आदळत असेल, तर चेंबरचा आकार बदलावा लागतो. गिअरबॉक्स नव्या इंजिनाचा घ्यायचा ठरवले तर गिअरचा दांडा केबिनमधल्या मूळ भोकातून वर येत नाही आणि मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट लांबीला चुकतो. जुनाच ठेवायचा म्हटले तर इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये खास प्लेट, वेगळे फ्लायव्हील आणि वेगळा क्लच लागतो. रेडिएटर, पेट्रोलचा पंप, सायलेन्सरचे पाइप आणि एसीच्या नळ्या यांचीही जुळणी नव्याने करावी लागते. सर्वांत अधिक डोके खाणारा भाग मात्र वायरिंगचा आहे. १९८० च्या दशकानंतरचे जवळजवळ प्रत्येक इंजिन एका छोट्या संगणकाच्या, म्हणजे ईसीयूच्या, ताब्यात असते. हवा किती आत आली, क्रँक कोणत्या कोनात आहे, पाणी किती तापले आहे, हे सारे सेन्सर त्याला कळवतात आणि तो पेट्रोल किती सोडायचे व ठिणगी केव्हा टाकायची हे ठरवतो. नव्या इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू आणि त्याचे वायरिंग येते, आणि ते जुन्या गाडीच्या मीटर, चावी आणि दिव्यांच्या वायरिंगशी एकेक तार ओळखून जोडावे लागते. काम अर्धवट सोडून दिलेल्या ज्या गाड्या विकायला निघतात, त्यांपैकी पुष्कळ या टप्प्यावर अडकलेल्या असतात.

इतका खटाटोप करण्यापेक्षा लोक मुळातच जास्त ताकदीची गाडी का घेत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १९९० च्या दशकातील दक्षिण कॅलिफोर्नियात सापडते. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला टॉरन्स आणि गार्डिना ही गावे एकमेकांना लागून आहेत. होंडाचे आणि टोयोटाचे अमेरिकेतील मुख्यालय टॉरन्समध्ये होते आणि निसानचे गार्डिनाच्या परिसरात. निसान २००६ मध्ये टेनेसी राज्यात गेली, टोयोटाने २०१७ पर्यंत टेक्सासमध्ये बस्तान हलवले आणि होंडा अजून तेथेच आहे. याच पट्ट्यात जपानी, चिनी, फिलिपिनो, कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबांची मोठी वस्ती होती. त्या घरांतल्या मुलांच्या हाती बापाची किंवा बहिणीची जुनी सिव्हिक येई. मोठी, आठ सिलिंडरची व्ही८ इंजिने असलेल्या अमेरिकी मस्टँग आणि कमारो गाड्यांचे चाहते या छोट्या गाड्यांना हसत, आणि त्या हसण्यात वंशाचा डंखही असे. ‘राइस बर्नर’ हे भातावरून पडलेले कुत्सित नाव ही त्याचीच खूण आहे. १९९० पासून पामडेलच्या ड्रॅग पट्टीवर केवळ आयात गाड्यांसाठी ‘बॅटल ऑफ द इम्पोर्ट्स’ ही स्पर्धा सुरू झाली, तेव्हा या तरुणांना सरळ पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची, स्वतःची रणभूमी मिळाली. परक्यांविरुद्ध एक झालेले हे लोक तेथे आपसांत भांडू लागले.

होंडाची गोष्ट प्रथम सांगायला हवी, कारण अदलाबदलीचा पाठ बहुतेकांनी तिच्यावरच गिरवला. १९९२ ते १९९५ या काळातली सिव्हिक, जिला शौकीन ‘ईजी’ म्हणतात, वजनाने साधारण एक टन होती आणि तिच्या चारही चाकांना डबल विशबोन पद्धतीचे, म्हणजे एरवी महागड्या गाड्यांत आढळणारे, सस्पेन्शन होते. अमेरिकेतल्या साध्या मॉडेलचे दीड लिटरचे इंजिन मात्र सुमारे १०० अश्वशक्तीचे होते. जपानमध्ये होंडाने १९८९ मध्येच इंटिग्रा गाडीत बी१६ए नावाचे इंजिन आणले होते: आकार १५९५ सीसी, टर्बो (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही, तरीही ताकद १६० पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ अश्वशक्तीच). एका लिटरमागे १०० पीएस काढणे त्या काळी रस्त्यावरच्या गाडीसाठी फार मोठी गोष्ट होती.

हे जमले ते व्हीटेक या रचनेमुळे. इंजिनातले व्हॉल्व्ह किती उघडायचे आणि किती वेळ उघडे ठेवायचे हे कॅमशाफ्टवरील उंचवटे ठरवतात. उंचवटा लहान असेल तर गर्दीत गाडी शांत चालते, पण जास्त आरपीएमवर (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवर) इंजिनाचा श्वास कोंडतो. उंचवटा मोठा असेल तर नेमके उलटे होते. होंडाने एकाच कॅमशाफ्टवर दोन्ही प्रकारचे उंचवटे दिले. साडेपाच हजार आरपीएमच्या आसपास तेलाच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, व्हॉल्व्ह ढकलणारे रॉकर एकमेकांत अडकतात आणि मोठा उंचवटा कामाला लागतो. आवाज एकदम बदलतो आणि काटा आठ हजारांच्या पुढे जातो. होंडावाल्यांना वेड लागते ते याच क्षणाचे.

सोय अशी की बी मालिकेचे, म्हणजे बी१६ए च्या घराण्याचे, इंजिन बसवलेली याच पिढीची सिव्हिक होंडा जपानमध्ये स्वतःच विकत होती. म्हणून अमेरिकेतल्या साध्या सिव्हिकच्या सांगाड्यातही त्या इंजिनाला लागणाऱ्या जागा तयार होत्या, आणि इंटिग्राचे ब्रॅकेट व अ‍ॅक्सल आणले की बरेचसे काम वेल्डिंगशिवाय उरकत असे. दोन मित्र, एक क्रेन आणि शनिवार-रविवार एवढ्यावर होणारी ही अदलाबदल होती. पुढे लोक इंटिग्राच्या व्हीटेक नसलेल्या १८३४ सीसीच्या ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या खालच्या भागावर) बी१६ए चे व्हीटेक हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) चढवू लागले. हा जोड होंडाने कधीच बनवला नव्हता, पण तेलाची एक वाट बाहेरून काढून दिली की तो चाले. मागणी इतकी वाढली की इंटिग्रा, आणि त्यातही तिचे टाइप-आर हे मॉडेल, चोरांच्या आवडीची गाडी बनली.

२००० नंतर होंडाने के मालिका आणली आणि हा आयता मार्ग बंद झाला. के मालिकेचे इंजिन जुन्या बी मालिकेच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे गिअरबॉक्स गाडीच्या दुसऱ्या बाजूला जातो. धूर बाहेर टाकणारी बाजू, जी पूर्वी रेडिएटरकडे होती, ती केबिनच्या भिंतीकडे जाते. म्हणजे ब्रँड तोच, गाडीही त्याच कंपनीची, तरी जुन्या सिव्हिकच्या दृष्टीने हे इंजिन परकेच. त्यासाठी फाउंडेशनपासून सर्व काही नवे बनवावे लागले, आणि ते बनवणारा एक लहानसा उद्योगच उभा राहिला; टॉरन्समधल्याच होंडाटा या कंपनीने त्याचा ईसीयू हाताळण्याची सोय करून दिली. आज के मालिकेचे इंजिन जुन्या सिव्हिकमध्ये सर्रास बसते, टोयोटाच्या एमआर२ मध्ये बसते आणि लोटस एलिसमध्येही बसते. २.४ लिटरचे के२४ तर अमेरिकेत अकॉर्ड आणि सीआर-व्ही या घरगुती गाड्यांत इतक्या मोठ्या संख्येने विकले गेले की भंगारवाल्यांकडे त्याचे ढीग आहेत. एमआर२ चा मालक होंडाकडे वळतो तो होंडाच्या प्रेमामुळे नव्हे. टोयोटाच्या जुन्या टर्बो इंजिनाचे सुटे भाग शोधण्यापेक्षा हे स्वस्तात पडते म्हणून.

निसानच्या गोटात वेगळीच अडचण होती. मागच्या चाकांना ताकद देणारी, हलकी, दोन दरवाज्यांची २४०एसएक्स ही गाडी अमेरिकेत १९८९ पासून १९९८ पर्यंत विकली गेली. तिचा सांगाडा जपानमधल्या सिल्व्हिया आणि १८०एसएक्स यांचाच होता. पण जपानी ग्राहकाला १९९१ पासून त्यात एसआर२०डीईटी हे दोन लिटरचे टर्बो इंजिन २०५ पीएस ताकदीसह मिळत होते, तर अमेरिकी ग्राहकाला केए२४ हे २.४ लिटरचे, बिनटर्बोचे इंजिन. केए२४ ची ताकद सुरुवातीला १४० आणि नंतर १५५ अश्वशक्ती होती आणि त्याच घराण्याचे इंजिन निसानच्या पिकअप ट्रकमध्येही होते. “आम्हाला ट्रकचे इंजिन दिले,” ही तक्रार अमेरिकी निसानवाल्यांच्या तोंडी आजही ऐकू येते. एसआर२०डीईटी अमेरिकेत निसानने कधीही विकले नाही.

मग ते येत कोठून होते? जपानमध्ये गाडी वापरायची तर ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी करून घ्यावी लागते: नव्या गाडीला तीन वर्षांनी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी. तिचा खर्च, वार्षिक कर आणि जुन्या गाडीची झपाट्याने घसरणारी किंमत यांमुळे कमी चाललेल्या, सुस्थितीतल्या गाड्याही मोडीत निघतात. अमेरिकेत अशी अख्खी गाडी आणता येत नव्हती, कारण तेथील सुरक्षा नियमांत न बसणारी परदेशी गाडी २५ वर्षे जुनी झाल्याशिवाय नोंदवता येत नाही. म्हणून व्यापाऱ्यांनी गाडी समोरच्या काचेपाशी कापली आणि पुढचा अर्धा भाग सुटे भाग म्हणून कंटेनरमध्ये भरला. या ‘हाफ कट’मध्ये इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग, ईसीयू, रेडिएटर असे सर्व काही एकत्र मिळे. स्टिअरिंग उजवीकडचे असल्याने काही वायर लांबवाव्या लागत, एवढेच.

येथून निसानवाल्यांमध्ये फूट पडली. एक गट म्हणे, एसआर२० हेच या गाडीचे खरे इंजिन, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमुळे नाकावर हलके आणि जपानमध्ये हिच्यासाठीच वापरलेले. दुसरा गट म्हणे, तुमच्या हाती असलेल्या केए२४ चा ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, आकारही मोठा आहे, त्यालाच टर्बो लावा. अमेरिकेत त्याचे सुटे भाग कोणत्याही दुकानात मिळतात. हा वाद ब्रँडच्या आतला होता म्हणून सौम्य असेल असे वाटेल, पण तो बाहेरच्या वादांपेक्षा अधिक चिकट निघाला. मला स्वतःला दुसऱ्या गटाचे म्हणणे जास्त पटते. विशेषतः हाफ कटचा स्वस्त पुरवठा आटला आणि थकलेली, आतून कोणी केव्हा उघडली हे न कळणारी एसआर२० इंजिने महागात विकली जाऊ लागली, तेव्हापासून पहिल्या गटाच्या बाजूने उरला आहे तो बहुतांशी भावनेचा मुद्दा.

होंडा आणि निसान यांच्यातली थट्टा समजायला दोन आकडे पुरेसे आहेत. बी१६ए चा टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ७००० आरपीएमवर सुमारे १५२ न्यूटन-मीटर होता. एसआर२०डीईटी ४००० आरपीएमवरच सुमारे २७४ देत असे. निसानवाले म्हणत, तुमच्या गाडीला जोर येईपर्यंत आम्ही घरी पोहोचतो. होंडावाले म्हणत, तुम्हाला टर्बोची कुबडी लागते. शिवाय होंडा पुढच्या चाकांवर चालणारी, निसान मागच्या. ड्रिफ्टिंग, म्हणजे मागची चाके घसरवत वळण घेणे, पुढच्या चाकांच्या गाडीला त्या रीतीने जमतच नाही. त्यामुळे ड्रिफ्टिंग लोकप्रिय झाल्यावर होंडावाल्यांना त्या मैदानात जागाच उरली नाही आणि २४०एसएक्सचे भाव चढले.

टोयोटा आणि निसान यांचे वैर याहून वरच्या पातळीवरचे आहे, आणि त्याला खतपाणी घातले ते जपानी कंपन्यांच्या एका अलिखित करारानेच. १९८९ पासून २००४ पर्यंत जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गाडीची जाहीर ताकद २८० पीएसच्या वर न्यायची नाही, असा समझोता त्यांनी पाळला. परिणामी निसान स्कायलाइन जीटी-आरचे आरबी२६ आणि टोयोटा सुप्राचे २जेझेड-जीटीई ही दोन्ही इंजिने माहितीपत्रकात एकाच आकड्यावर उभी राहिली. कागदावर बरोबरी असल्यामुळे भांडण मिटले नाही, उलट वाढले. कारण आता प्रश्न ‘किती ताकद आहे’ असा न राहता ‘टर्बो बदलल्यावर किती सहन करते’ असा झाला, आणि त्याचे उत्तर प्रत्येक गॅरेज आपापल्या डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, शोधू लागले. अमेरिकेत टोयोटाने तेच इंजिन थोडे वेगळे टर्बो आणि मोठे इंजेक्टर देऊन ३२० अश्वशक्तीचे म्हणून विकले, हीदेखील टोयोटावाल्यांची आवडती साक्ष.

जीटी-आरच्या बाजूने इतिहास भक्कम आहे. १९९० ते १९९३ या चार वर्षांत आर३२ या पिढीच्या जीटी-आरने जपानच्या टूरिंग कार स्पर्धेतल्या सर्वच्या सर्व २९ शर्यती जिंकल्या. ऑस्ट्रेलियातली बाथर्स्टची मानाची शर्यत १९९१ आणि १९९२ मध्ये मारली. त्याच देशात तिला ‘गॉडझिला’ हे नाव पडले. तरीही दुसऱ्यांच्या गाड्यांत बसण्याच्या बाबतीत आरबी२६ मागे पडले आणि २जेझेडने बाजी मारली, ती कीर्तीमुळे नव्हे तर साध्या, कंटाळवाण्या कारणांमुळे.

जीटी-आर चारही चाकांवर चालते आणि तिच्या पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल इंजिनाच्या ऑइल चेंबरलाच जोडलेला असतो. हे इंजिन मागच्या चाकांच्या सिल्व्हियात बसवायचे तर ते चेंबर काढून आरबी घराण्यातल्या दुसऱ्या इंजिनाचे लावावे लागते. २जेझेडच्या वाटेत हा अडथळा नाही. त्याचा आकार २९९७ सीसी, आरबी२६ चा २५६८. सव्वाचारशे सीसीचा हा फरक मोठा टर्बो फिरवताना जाणवतो. त्याचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) दोन्ही ८६ मिलिमीटर आहेत. ब्लॉक लोखंडाचा आहे आणि सिलिंडरच्या वरच्या कडा भोवतालच्या धातूशी बंद जोडलेल्या असल्यामुळे दाब वाढला तरी त्या हलत नाहीत. सर्वांत महत्त्वाचा मुद्दा पुरवठ्याचा. सुप्रा दुर्मिळ असली तरी २जेझेड-जीटीई हे सुप्राचे एकटीचे इंजिन कधीच नव्हते; सुप्रात ते १९९३ मध्ये आले, पण त्याआधी १९९१ पासून टोयोटा अ‍ॅरिस्टो या चार दरवाज्यांच्या, कचेरीत जाणाऱ्या साहेबांच्या गाडीत ते होतेच. त्याचा बिनटर्बोचा भाऊ लेक्ससच्या गाड्यांतून अमेरिकेत भरपूर विकला गेला. म्हणून ब्लॉक, गॅस्केट, पंप, सेन्सर सहज मिळतात. स्पर्धेत इंजिन फुटले तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नवे मिळाले पाहिजे. जेम्स डीनच्या संघाला निसानमध्ये टोयोटाचे इंजिन टाकताना हाच हिशेब उपयोगी पडत असणार.

माझदावाल्यांचे दुःख मात्र खरे आहे, आणि तेथे माझीही सहानुभूती त्यांच्याकडे झुकते. आरएक्स-७ च्या १९९२ ते २००२ या काळातल्या पिढीत १३बी हे रोटरी इंजिन होते. त्यात वर-खाली जाणारे पिस्टनच नाहीत. त्रिकोणी आकाराचा रोटर लंबगोल पोकळीत फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या पातळ पट्ट्या, ज्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात, पोकळीच्या भिंतीला घासून जागा बंद ठेवतात. १३०८ सीसीच्या या छोट्या इंजिनाने दोन टर्बोंसह २५५ आणि पुढे २८० पीएस दिले. परंतु उष्णता वाढली किंवा पेट्रोल-हवेचे प्रमाण चुकले की सील तुटते आणि इंजिन उघडावे लागते. अशा वेळी अमेरिकेतला मालक जनरल मोटर्सच्या एलएस घराण्याकडे वळतो. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलेले ५.७ लिटरचे एलएस१ हे व्ही८ इंजिन ३४५ अश्वशक्तीचे होते. आकाराने चौपटीहून मोठे असूनही ते या गाडीत मावते. त्याचे गुपित जुन्या पद्धतीत आहे: कॅमशाफ्ट सिलिंडर हेडवर नसून खाली ब्लॉकमध्ये आहे, व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी उघडले जातात, त्यामुळे हेड लहान आणि इंजिन अरुंद व बुटके राहते. ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्याने वजनही फारसे वाढत नाही.

येथे कागदावर सगळे व्ही८ च्या बाजूचे आहे, आणि तरीही ‘गाडी मेली’ असे रोटरीवाले म्हणतात तेव्हा ते निव्वळ कंपनीप्रेम नसते. रोटरी इंजिन इतके लहान होते म्हणूनच माझदाने बोनेट इतके खाली घेतले आणि इंजिन पुढच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवले. गाडीचा घाटच त्या इंजिनाभोवती रचलेला होता. सिव्हिकचे इंजिन बदलल्यावर सिव्हिकच राहते. आरएक्स-७ बाबत तसे म्हणणे अवघड आहे.

निष्ठेपेक्षा जबर असा एक पंच या सर्वांवर बसलेला आहे: सरकार. कॅलिफोर्नियात इंजिन बदलायचे तर नवे इंजिन गाडीच्या वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे, ते त्या राज्यात प्रमाणित झालेल्या गाडीतले हवे आणि त्याची प्रदूषणरोधक यंत्रणा पूर्णपणे जागेवर हवी. मग सरकारी रेफरी तपासणी करून गाडीवर मान्यतेची पट्टी चिकटवतो. जपानहून आलेले एसआर२० या चाळणीतून सहसा जात नाही, उलट अमेरिकेतच विकले गेलेले के२४ किंवा एलएस सगळ्या नळ्या-सेन्सरांसह बसवले तर जाऊ शकते. म्हणजे निसानच्या गाडीत निसानचेच मानाचे इंजिन बेकायदा आणि शेवरोलेचे इंजिन कायदेशीर, असा प्रकार होतो. आपल्याकडे आरसीवर चासी क्रमांकाबरोबर इंजिन क्रमांकही असतो, बदल केल्यास आरटीओची परवानगी लागते, आणि उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले. भारतात विकल्या गेलेल्या अकॉर्ड आणि सीआर-व्हीमध्येही के घराण्याची इंजिने होती, त्यामुळे जुन्या होंडा सिटीच्या मालकांना मोह होणे स्वाभाविक आहे. पण अशी गाडी घेण्याआधी आरसीवरचा क्रमांक आणि ब्लॉकवर कोरलेला क्रमांक जुळतात का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विमा कंपनी अपघातानंतर तेच पाहणार आहे.

कंपन्या स्वतः या शुद्धतेची फिकीर करीत नाहीत. आपल्या हिंदुस्तान मोटर्सने व्हॉक्सहॉलच्या ब्रिटिश घाटाच्या कॉन्टेसात जपानी इसुझूचे १.८ लिटर इंजिन टाकले आणि नंतर तेच अ‍ॅम्बेसेडरमध्येही दिले. लोटसने एलिसमध्ये आधी रोव्हरचे आणि मग टोयोटाचे इंजिन वापरले, आणि टोयोटाचे ते इंजिन यामाहाच्या मदतीने बनलेले होते. टोयोटा ८६ मध्ये सुबारूचे इंजिन आहे. सुप्रा आणि जीटी-आर यांचे भक्त एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, पण १९९३ च्या सुप्रा टर्बोचा सहा गिअरचा गिअरबॉक्स आणि १९९९ च्या आर३४ जीटी-आरचा गिअरबॉक्स, दोन्ही गेट्राग या एकाच जर्मन कंपनीने बनवलेले.

२०१९ मध्ये टोयोटाने सुप्रा हे नाव पुन्हा आणले, तेव्हा गाडी ऑस्ट्रियात ग्राझ येथे तयार होत होती आणि आत बीएमडब्ल्यूचे बी५८ हे तीन लिटरचे सहा सिलिंडर इंजिन होते. वर्षानुवर्षे बीएमडब्ल्यूच्या जुन्या गाड्यांत २जेझेड बसवून मिरवणाऱ्या टोयोटावाल्यांना तो घरचा आहेर वाटला. काहींनी नव्या सुप्रातून बी५८ काढून तेथे जुने २जेझेड बसवलेही. दरम्यान २जेझेड-जीटीईचे भाव इतके चढले आहेत की हिशेबी माणसे उलट दिशेने पाहू लागली आहेत: बी५८ नवे आहे, मजबूत आहे आणि ठोकलेल्या बीएमडब्ल्यूंमधून मिळते, म्हणून जुन्या गाड्यांत आता तेच बसवण्याचे ब्रॅकेट आणि वायरिंग विकले जात आहे.